पाठमोऱ्या फिलू टीचर

फिलू टीचर शिकवायला बसल्या की आमच्याकडे पाठ करायच्या. मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीत शेवटची खोली त्यांची. दुपारी तिथे आम्ही पाच-सहा बायका इंग्रजी शिकायला जायचो आणि तासभर त्यांचा करडा अंबाडा नि फ्रॉकची मागची बटणं बघत बसायचो. त्यांच्या हातात वायर तुटलेला काळा फोन असायचा. मुंबईच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केलेली. "फोनवर तुजं तोंड कोनाला दिसतं गं बाय? जे काय हाय ते शब्दात पायजे," असं त्या भिंतीकडे बघून सांगायच्या.

मूळच्या त्या गास गावच्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्याकडे पाणी मागायचं तरी 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज' म्हणावं लागे. नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाई ठार बहिऱ्या. एकदा शेजारच्या मंदाला ठसका लागला, तरी प्लीज येईपर्यंत तांब्या जागचा हलला नाही. माझं डोकं फिरलं. "आम्ही काय भिकारी आहोत, सारखं प्लीज प्लीज करायला?" मी विचारलं.

"भिकारी मागतो आनि नाय मिळालं तर पुढं जातो. आपन मागायचं आनि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाय. पोलाइट म्हंजे मऊ नाय, बाय."

मला हे पटलं नव्हतं. पण लवकरच गरज पडली.

माझा नवरा आखातात फिटर होता. दर पंधरा दिवसांनी येणारं त्याचं पत्र दोन महिने आलं नव्हतं. तिकडून परतलेल्या एकाने साइटवर बांधकामाची परांची कोसळल्याचं सांगितलं. खाली कोण सापडलं ते त्याला ठाऊक नव्हतं. पत्रावरचा नंबर बघून मी कंपनीत फोन लावला. पलीकडचा माणूस इंग्रजीत काहीतरी विचारत होता, मी घाबरून 'यस, यस' करत राहिले आणि त्याने फोन ठेवला. आपण कशाला यस म्हटलं, या विचाराने मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

टीचरनी ऐकून घेतलं, पाठ केली आणि तो काळा फोन उचलला. पुढचे चार दिवस त्या तिकडचा साहेब झाल्या. मी नवऱ्याचं नाव सांगायची. "नो. कॉल टुमारो." रिसीव्हर धाडकन खाली. पुन्हा. पुन्हा. मग शब्द पाठ करून घेतले: इंजर्ड, फ्रॅक्चर, डिस्चार्ज. आणि शेवटी, एक्स्पायर्ड.

अर्थ कळल्यावर मी वही भिरकावली. "हा शब्द कशाला शिकवता?"

पाठ हलली नाही. "तो पन येयाला पायजे. नाय तर त्याला पन तू यस म्हनशील. रडून घे, मग परत सांग. कुड यू प्लीज चेक वन्स मोर? आय शॅल होल्ड."

त्या क्षणी मला त्या बाईचा द्वेष वाटला, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या बूथवर गेलो. मी आत, टीचर बाहेर, काचेला पाठ लावून. फोन लागला. मी नाव सांगितलं.

"नो सच मॅन हिअर."

मी म्हटलं, "कुड यू प्लीज चेक वन्स मोर? आय शॅल होल्ड."

पलीकडे कागद उलटत होते. माझे कान फक्त त्या एका शब्दाची वाट बघत होते. मग तो माणूस बोलला. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, तेही प्लीज म्हणून, आणि थँक यू म्हणून फोन ठेवला.

बाहेर आले तरी टीचर वळल्या नाहीत. "काय म्हनाला? फुल सेंटेन्स."

"ही इज इन हॉस्पिटल, टीचर. बोथ लेग्ज फ्रॅक्चर. ही इज अलाइव्ह."

तेव्हा त्या वळल्या. चेहरा पांढराफटक, डोळे सुजलेले, मुठीत रुमालाचा बोळा. चार दिवस ती पाठ एकदाही का वळली नव्हती, ते तिथे कळलं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

नवरा लंगडत का होईना, घरी आला. टीचर पुढे गासला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी आता एका हॉस्पिटलात चौकशीच्या फोनवर बसते. कधी पलीकडून कुणीतरी चाचरत पेशंटचं नाव सांगतं आणि पुढे त्याला बोलवत नाही. मी फोन ठेवत नाही. "मी लाइनवर आहे, सावकाश विचारा," म्हणते आणि रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून बघते.