रोडग्यांवरची पहिली कमेंट

आमच्या प्राचार्यांनी कुठल्याशा बैठकीत ब्लॉग हा शब्द ऐकला आणि अमरावतीला परतल्याबरोबर मला बोलावलं. "तुमचा ब्लॉग आहे म्हणे. शनिवारी सगळ्या स्टाफला शिकवा." मी भौतिकशास्त्र शिकवायचो. ब्लॉग होता खरा, पण माझ्याशिवाय तो कोणी उघडत नसे.

शनिवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये प्राध्यापक, ग्रंथपाल, ऑफिसमधली मंडळी दाटीवाटीनं बसली. आपण इंटरनेटवर लिहायचं, वाचणाऱ्यानं खाली आपलं मत टाकायचं, असं मी सांगत होतो, तेवढ्यात ऑफिसचे हेडक्लार्क, बडे बाबू म्हणाले, "म्हणजे डायरीच झाली ना सर? मंग आपली डायरी दुसऱ्याले वाचाले काहून द्याची?"

"त्यांनी उत्तर द्यावं म्हणून."

"उत्तरं तं घरी न लिहिताच भेटतात."

सगळे हसले. मग मराठी टाइप करायची वेळ आली. बाबूंचा हात टाइपरायटरवर बसलेला. इथे 'क'साठी इंग्रजी के दाबायचा म्हटल्यावर ते चिडले. उर्दूचे सर मागच्या खुर्चीत हात बांधून बसले होते. रिटायरमेंट जवळ आलेली. "मैं तो उर्दूवाला, माझं यात काय काम?" एवढंच बोलले. आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, ती लवकर येणार नव्हती.

कोणी उठेना, म्हणून मी विचारलं, "ब्लॉग काढलात तर लिहाल काय?"

भूगोलाच्या मॅडम एरवी कमी बोलायच्या. चांदूर रेल्वेजवळचं त्यांचं माहेर. त्या म्हणाल्या, "मी पुण्याला ट्रेनिंगले गेली होती. कुठची म्हणून सांगितलं की समोरचा आवाज खाली करे आन् शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचंच विचारे. खोटं नाही ते. माझ्या भावाचेही दोन हंगाम वाया गेले. पण आमी जेवतो, हसतो, भांडतो, हे कोणीच विचारलं नाही."

"तेच लिहा की."

"आमच्या बोलीत लिहिलं तं चालते?"

"चालते," मी म्हणालो.

आठवडाभरात त्यांनी लिहिलं. वावरात गोवऱ्यांचा जाळ, निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी, आणि वाढताना जावाजावांची झालेली कुरबूर. वाचताना मला भूकच लागली. दोन दिवसांनी खाली कमेंट आली, नावाशिवाय: "रोडगे बरोबर आहेत. पण वांग्यात शेंगदाण्याचा कूट? ही भाजी नाही, चटणी झाली."

मॅडमनी उत्तर दिलं, "तुमी एकदा खाऊन पाहा, मंग बोला." तिकडून पुन्हा जवाब. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. कुटाच्या बाजूचे बाबू रोज लॅबमध्ये येऊन, काय नवं आलं, ते विचारू लागले. लिहिणारा कोण, याचा संशय थेट प्राचार्यांवरही घेऊन झाला.

मग एक लांब कमेंट आली. तिच्यात लिहिलं होतं, लहानपणी पातूरला शेजाऱ्यांच्या वावरात मी दरवर्षी रोडगे खायला जायचो; तिथली काकू माझ्यासाठी पहिला रोडगा बाजूला ठेवायची आणि तिच्या भाजीत कूट नसायचा.

पातूरचा माणूस आमच्या कॉलेजात एकच होता. सगळ्यांनी उर्दूच्या सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या मुलीनं टाइप शिकवलं," ते म्हणाले. "लेकिन कूट नको, यावर मी कायम आहे."

मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "मंग रविवारी आमच्या वावरात याच सर. घरच्या सगळ्याइले घेऊन या."

आम्ही बरेच जण गेलो. मॅडमच्या भावानं स्वतः निखारे पसरले. भाजी दोन पातेल्यांत केली होती. सरांनी दोन्ही खाल्ल्या आणि कुटाची पुन्हा मागून घेतली, पण मत काही बदललं नाही. भाऊ त्यांना तुरीचं वावर दाखवायला घेऊन गेला. बराच वेळ दोघं बांधावर उभे राहून बोलत होते.

सोमवारी सर लॅबमध्ये आले. त्यांना उर्दूत ब्लॉग काढायचा होता. अक्षरं उजवीकडून कशी चालवायची हे मलाच ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी दुपारभर खटपट करून ते जमवलं. पहिला लेख त्यांनी काकूवर लिहिला आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. बाबूंनी मध्येच थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला. सरांनी तो सांगितला आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश वाचलं.