बदललं तेवढंच

सोलापुरात बाळीवेशीतल्या एका बोळात शिवानंद म्हणून विचाराल तर कुणी घर दाखवणार नाही. मल्लव्वाचा शिवू म्हणा, पोरंसोरंही दारापर्यंत आणून सोडतील. मात्र शिवू काय करतो हे विचारू नये. शेजारची नागव्वा सांगते, तो शेअर खेळतो. कोपऱ्यावरचा पानवाला सांगतो, बँकेत आहे. खरं तर शिवूनं जन्मात एक शेअर घेतलेला नाही. पुण्याची एक कंपनी शेअर बाजारात सौदे करणारं सॉफ्टवेअर बनवते आणि ते दिवसभर नीट वागलं का, हे शिवू तपासतो. बाजार बंद झाला की दिवसातल्या प्रत्येक भावाची, प्रत्येक मागणीची नोंद एका फायलीतून त्याच्याकडे येते आणि तो तोच दिवस आपल्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालवून बघतो.

वडील गेले तेव्हा तो पुण्यात होता. मल्लव्वाला शुगर, आणि घर सोडायला बाई तयार नाही. "तितं चार भिंतीत मी कुणासंगं बोलू?" एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग शिवूच आला. मायलेक बोलायला कानडीत सुरुवात करायचे आणि मराठीत येऊन पोचायचे. दोघांचं बरं चाललं होतं. पण फाईल आडवी आली. ती एवढी अजस्र, की बाळीवेशीतल्या इंटरनेटवरून सकाळपर्यंत उतरायची नाही, आणि मध्येच लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या वरच्या अंकिता मॅडम तशा भल्या. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली.

"तोवर काही मार्ग काढ, शिवानंद. नाहीतर तुला पुण्याला यावं लागेल. ते माझ्याही हातात नाही."

ही गोष्ट त्यानं आईला सांगायला नको होती. पण याच्या पोटात काही राहील तर शपथ. जेवताना सगळं ओकून मोकळा झाला. मल्लव्वानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

फाईल उघडून बघितली तर दर ओळीत शेअरचं पूर्ण नाव, पूर्ण तारीख, पूर्ण भाव. भाव हललाय पाच पैशांनी, पण लिहायचं सगळं नव्यानं. घरातल्या माणसानं पाणी मागतानाही आधी नाव, गाव, आडनाव सांगावं, तसला प्रकार. पुण्याहून निघण्याआधीच ती लहान व्हावी म्हणून शिवूनं नावांच्या जागी छोटे आकडे घातले. भाव सकाळी एकदा पूर्ण लिहायचा, पुढं बदललं तेवढंच: पाच पैसे वर, दहा पैसे खाली. बदल नसेल तर लिहायचंच नाही. गणपती बसले, उठले, दसरा गेला, आणि हा आपला खोलीतून बाहेर नाही. पण फाईल आकसत आकसत दहाव्या हिश्शावर आली आणि चहा होईपर्यंत उतरायला लागली.

मल्लव्वानं विचारलं, नेमकं केलंस काय?

"अव्वा, तुज्यासारखंच की. मी रोज इचारतो, बरं हाय का? काय झालं असलं तर सांगतीस, न्हाईतर गप. गप म्हंजे कालच्यागतच."

मल्लव्वा हसली. दुसऱ्या दिवशी नागव्वाला सांगून आली, "माजा लेक त्या मशीनला गप बसायला शिकवतोय. त्याचाच पगार हाय त्याला."

दिवाळी तोंडावर आली आणि घोटाळा झाला. शिवूनं पुन्हा चालवलेल्या दिवसाचे आकडे जुळेनात, म्हणून पुण्याची मंडळी दिवसभर सॉफ्टवेअरमधली चूक शोधत बसली. तिथं चूक नव्हतीच. शिवूच्या फायलीत एका शेअरचा एक बदल लिहायचा राहिला होता. पुढचा प्रत्येक भाव आधीच्या भावावरून काढलेला, त्यामुळे बाजार बंद होईस्तोवरचे सगळेच चुकले. अंकिता मॅडमचा फोन आला. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"फाईल गप्प राहिली आणि आपण धरून चाललो, की काही बदललं नाही," त्या म्हणाल्या. "काही घडलं नाही म्हणून गप्प, की सांगायचं राहिलं म्हणून गप्प, हे कळायचं कसं?"

"अधूनमधून मागचं काहीच न धरता पूर्ण भाव लिहितो," शिवू म्हणाला. "फाईल जरा वाढेल."

"वाढू दे."

त्यानं तसं केलं. फाईल थोडी फुगली, पण वेळेत उतरली आणि भाव बरोबर निघाले. चार दिवस बघून मॅडमनी कळवलं, खुशाल सोलापुरात राहा.

शिवू धावतच स्वयंपाकघरात गेला. मल्लव्वा गॅसपुढं भाकरी थापत होती.

"अव्वा, ऱ्हायलो बग मी हितंच."

तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. शिवूनं सवयीनं विचारलं, "बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की."

एरवी तो एवढ्यावर वळला असता. आज मॅडमचं बोलणं डोक्यात होतं. तो तिथंच फरशीवर बसला आणि सगळं पहिल्यापासून विचारायला लागला. झोप लागते का? नीट दिसतं का? गोळ्या संपल्या का? ती हूं हूं करत राहिली. पाय दाखव म्हणाला, तेव्हा मात्र तिनं पातळ खाली ओढलं. "पायाला काय धाड भरलीया?"

शिवूनं हलकेच पातळाचा काठ उचलला. अंगठ्याला चिंधी बांधलेली. सोडली, तर आत काळं पडलेलं.

"कवापास्नं?"

"दसऱ्याच्या आदीपास्नं."

अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं. डॉक्टरांनी शिवूला चांगलंच फैलावर घेतलं: घरात माणूस असून इतके दिवस कुणाच्या लक्षात येत नाही? त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. आईजवळ राहता यावं म्हणून तो झटत होता, आणि भिंतीपलीकडं आई लंगडत होती, हे त्याला फार लागलं. तिच्या खाटेशी बसून तो लहान पोरासारखा रडला.

"एका शब्दानं सांगायचं न्हाईस, अव्वा?"

"सांगितलं असतं तर तू दवाखान्याच्या चकरा मारत बसला असतास," मल्लव्वा म्हणाली. "फाईल ऱ्हायली असती, आन् त्यांनी तुला पुण्याला न्हेलं असतं. बोट गेलं तर गेलं. तू ऱ्हायलास की."