गोदामाच्या दारातल्या चपला

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, जळगाव रस्त्यावर एका हमालाला उडवून पसार झालेला मालट्रक आमच्या ठाण्यानं जंग जंग पछाडूनही सापडला नाही. सापडणार कसा? असा ट्रक मुळात रस्त्यावर आलाच नव्हता.

नोकरी संपून आता बरेच दिवस झाले, तरी ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. त्या दिवशी सकाळी मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ठाणे अंमलदारानं सरकारी दवाखान्याची खबर पुढं केली. मोटारसायकलस्वार जखमी, डावा पाय चिरडलेला, गुडघ्याखाली कापावा लागला. जखमी मूळचा कन्नड तालुक्यातला, शहराबाहेरच्या मक्याच्या गोदामात हमाल. त्याला दवाखान्यात आणलं ते तिथल्याच मुकादमानं. अपघाताची जागाही त्यानंच दाखवली. आम्ही अज्ञात वाहनचालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि शोधाला लागलो.

जबाब घ्यायला मी स्वतः वॉर्डात गेलो.

"ट्रकचा रंग कोणता?"

"लाल, साहेब."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर ट्रक निळा झालेला.

"काल तर लाल म्हणाला होतात!"

"धूळ लई होती, साहेब."

आमचा हवालदार बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, उद्यापर्यंत थांबू. हिरवा झाला की एकदमच नाकाबंदी लावू."

हसलो खरा, पण पंचनामा मला खुपत होता. रस्त्यावरच्या अपघातात दुसरं काही सापडो न सापडो, चप्पल बहुतेक वेळा सापडते. माणूस एकीकडं पडतो आणि चप्पल दुसरीकडं. इथं एकही नव्हती. मुकादमाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "अनवाणीच चालवत होता, साहेब. गावाकडचा माणूस."

त्यानंतर ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता, दबका. "तुम्ही रस्त्यावर काय हुडकता? त्यांच्या चपला गोदामाच्या दारात हायेत." एवढं बोलून फोन बंद.

मी साध्या कपड्यात गोदामावर गेलो. जेवणाची सुट्टी होत होती. दाराबाहेर चपलांची रांग होती. आत पोत्यांच्या थप्प्या छपराला टेकलेल्या. मी बूट घालूनच आत शिरायला लागलो, तर एक म्हातारा हमाल वसकन ओरडला, "ओ पाहुणं! मका हाय तो. खायचं धान्य. बूट बाहेर!" थप्पीवर चढायचं तर अनवाणी, हा त्यांचा नेम. हमाल बाहेर आले, ज्यानं त्यानं आपापल्या चपला पायात सरकवल्या आणि भाकरी सोडायला झाडाखाली गेले. दारात एक जोड तेवढा उरला. त्यावर मक्याचा भुसा साचला होता.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

सगळे आपापल्या भाकरीकडं बघू लागले. चार जणांना खरं ठाऊक असलं की पोलिसाला ते शांततेतच ऐकू येतं.

तो जोड वर्तमानपत्रात गुंडाळून मी वॉर्डात नेला आणि स्टुलावर ठेवला. हमालानं पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. म्हणाला, "साहेब, पाया पडतो. होत्या तिथं ठेवून या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ट्रक लवकर भरायचा म्हणून मुकादमानं थप्पीची खालची पोती ओढायला लावली होती. वरची रास कोसळली आणि पाय अडकला. हे गोदामात घडलं म्हटलं, तर मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागणार होती आणि हयगयीबद्दल मुकादमावर गुन्हा होणार होता. रस्त्यावर घडलं म्हटलं, तर दोघंही मोकळे. म्हणून मुकादमानं एक मोटारसायकल रस्त्यावर नेऊन आडवी पाडली होती.

"पण तुमचं काय? पोतं उचलणं तर संपलं. भरपाई नाही मिळाली तर खाणार काय?"

"साहेब, माझी पोर मुकादमाच्या घरात दिलीय. यंदाच लगीन झालं. त्याचं नाव घेतलं तर उद्या तिला माघारी धाडतील."

तेवढ्यात मुकादम स्वतःच आला. हातात केळ्यांची पिशवी, मागं सुनेच्या हातात जेवणाचा डबा. स्टुलावरच्या चपला पाहून त्याचं हसू मावळलं.

"कोणी सांगितलं?" तो हमालावर खेकसला. "व्याही, तुमच्या जोडीदारांपैकीच कुणीतरी चुगली केली. एकेकाला टोळीतून हाकलतो. घरी बसून मारा म्हणावं माशा!"

पोरीनं डबा खाली ठेवला.

"त्यांना कशाला हाकलता, मामा? फोन मी केला. तुमचा डबा घेऊन मीच येते ना गोदामावर. आबांच्या चपला मला नाय वळखू येणार?"

मुकादमानं हातातली केळ्यांची पिशवी काखेत मारली. "इथंच ऱ्हा मग बापापाशी," म्हणाला आणि चालता झाला.

पुढचं कागदोपत्री सगळं चोख झालं. खोटा अपघात रद्द झाला, खरा गुन्हा दाखल झाला. कामगार न्यायालयात हमालाच्या बाजूनं निकाल लागला, मालकाला भरपाई भरावी लागली. माझी पाठ थोपटली गेली. पोरगी मात्र पुन्हा सासरी गेली नाही. नवरा एकदाच येऊन तिची पेटी ठेवून गेला, उंबऱ्याच्या आत पाऊलही न टाकता. खोटं बोलणारा माणूस स्वतःची कातडी वाचवत असतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. त्यानंतर प्रत्येक खोट्या जबाबात मी आधी हेच शोधत राहिलो की, हा कुणाला वाचवतोय. शोधून नेहमी समाधान मिळालं असं नाही.

त्या दुपारी मुकादम गेल्यावर मी शाबासकीचं काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात खाटेवरचा बाप, आसपासच्या सगळ्या खाटा ऐकताहेत याचं भान न राहता, ओरडला,

"अगं येडे, पाय तर गेलाच होता! तू घर कशाला घालवलंस?"