शुगरवाल्यांची पंगत

थंड झालेल्या मटणाच्या रश्शाकडे कधी निरखून पाहिलंय का तुम्ही? पाहू नका. गरम असतो तोवर तो लालभडक, घमघमीत, जणू स्वर्गातून थेट वाटीत उतरलेला. तासाभराने तोच पांढुरका होऊन ताटलीला धरून बसतो. बोटाने दाबला तर मेणासारखा दबतो, आणि बोट धुवायला गेलात तर साबणाला दाद देत नाही. अशा रश्शाच्या वाट्यांवर वाट्या मी पाच-सहा वर्षं ओरपल्या. त्याहून किळसवाणी गोष्ट म्हणजे त्या मी पथ्य म्हणून ओरपल्या.

मी दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. पहाटे लोक कॅन घेऊन येतात, मी मशीनवर फॅट बघतो आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो. आयुष्य या एकाच शब्दाभोवती गेलं. फॅट चांगली लागली की माणूस छाती काढून घरी जातो, कमी लागली की म्हशीला शिव्या देत. तेव्हा फॅट ही वाईट गोष्ट असू शकते, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

शुगर निघाली तेव्हा मी चव्वेचाळिशीत होतो. चार दिवस घाबरलो, पाचव्या दिवशी मजा यायला लागली. मी बोटातून रक्त काढून शुगर दाखवणारं छोटं मशीन आणलं आणि केंद्राच्या टेबलावर ठेवलं. गावात आणखी सात-आठ शुगरवाले होते, लपूनछपून गोळ्या खाणारे. मी त्यांना उजेडात आणलं. दूध घालून झालं की सगळ्यांनी रांगेत यायचं, बोट टोचायचं, आणि आकडा मी फळ्यावर फॅटच्या शेजारी लिहायचा. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, तो त्या दिवशीचा पैलवान. पहिले आठ दिवस सुई एकच होती. धोतराला पुसायची आणि पुढच्याला द्यायची. हे लिहितानाही मला हात धुवावेसे वाटतात.

या कुस्तीत माझा खरा जोडीदार म्हणजे शेजारचे आप्पा. सत्तरीला टेकलेले, काठीसारखे सरळ, दोन म्हशींचं दूध स्वतः घेऊन येणारे. त्यांचा मुलगा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे घर, म्हशी आणि आप्पा हे तिन्ही सांभाळायची सूनबाई. आप्पांनी शुगरचं सगळं माझ्याकडून शिकून घेतलं. माझा सिद्धांत सोपा होता, म्हणूनच लोकप्रिय होता. जे गोड ते विष, जे गोड नाही ते औषध. भात बंद, गूळ बंद, भाकरी अर्धी. आणि साय? गोड नाही. तूप? गोड नाही. मटण? वा, मटणासारखं पथ्य नाही.

त्यातूनच शुगरवाल्यांची पंगत निघाली. आमच्याकडे जावळ म्हटलं की बोकड पडतोच. पोराचे पहिले केस उतरतात आणि गाव जेवतं. मी यजमानाला आधीच सांगून ठेवायचो की आमच्या आठजणांची पंगत वेगळी लावा. तिथे भाताचं पातेलं फिरकायचं नाही, भाकरी चतकोर, बाकी सगळी भर मटणाची. वाढप्याला मी ऐटीत सांगायचो, पेशंट आहोत, तर्री वरून घाल. बाकीची पंगत आमच्याकडे दयेने बघायची, आणि आम्ही नळ्या ठोकून त्यातली चरबी शोषत बसायचो. आप्पांना बोकडाच्या पोटातल्या पडद्याची चरबी आवडायची. ती ते बाजूला काढून ठेवत आणि शेवटी एकदम तोंडात टाकत. हनुवटीवरून ओघळलेलं तुपट पाणी त्यांच्या सदऱ्यावर सुकायचं आणि पांढरा डाग राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर आकडा बघायचा तर एकदम नामी. बघा, म्हणायचो मी, डॉक्टर काय सांगणार आपल्याला.

सांगितलं मात्र डॉक्टरनेच. मागच्या वर्षी आम्हा दोघांच्याही पायांना मुंग्या यायला लागल्या म्हणून मी आप्पांना घेऊन, पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून शिरूरला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी शुगर बघितली, मान डोलावली आणि उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवलं. लॅबमधल्या बाईंनी रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये गरगर फिरवल्या. आप्पांच्या नळीत वर पिवळसर, स्वच्छ पाणी. माझ्या नळीत, देवाशपथ, दूध. खाली लाल रक्त आणि वर दाट, पांढरं, घोटता येईल असं काहीतरी. त्या बाईने नाक मुरडून नळी उजेडाकडे धरली. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? सांगायला लाज वाटते. म्हशीचं म्हणून खपेल, हा. मग मात्र नीट उमगलं. ते माझ्या आतून निघालं होतं, आणि तसलंच आणखी पाच लिटर आत फिरत होतं.

आप्पा खूश झाले. म्हणाले, माझं बघ कसं निवळशंख. रिपोर्ट आला तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल त्यांचंच माझ्याहून जास्त निघालं. मॅडमनी दोघांना समोर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं की चरबीतला एक प्रकार नुसत्या डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही, आणि न दिसणारा जास्त दगा देतो. शुगरवाल्याच्या रक्तवाहिन्या आतून आधीच खरवडलेल्या असतात, त्यांवर ही चरबी पटकन धरते. शुगर ताब्यात ठेवलीत, चांगलं केलंत, पण ते अर्धंच काम झालं. रोज जेवणानंतर चरबीची एक गोळी घ्यायची, ती आपल्या मनाने थांबवायची नाही, आणि हे मटण-साय-तूप आवरायचं. मी मान हलवत होतो, आणि मनात म्हणत होतो, बाईंना पथ्य कळत नाही.

गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी फळ्यावर आम्हा दोघांचे आकडे थोडे वर सरकले. फार नाही, आठ-दहाने. पण पैलवानकी गेली. मी मोबाइलवर शोधाशोध केली आणि मला पाहिजे ते सापडलंच, की या गोळीने शुगर वाढू शकते. मी ते केंद्रावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, नाटकातला वकील पुरावा सादर करतो तसं.

आप्पा जरा चाचरले. "मॅडमला इचारू का एक डाव?"

"कशाला? शुगर वाढवणारी गोळी शुगरवाल्याला देत्यात, त्यांना काय इचारायचं," मी म्हणालो.

माझी गोळी मी त्याच दिवशी बंद केली. आप्पांची अडचण सूनबाईची होती. ती रोज आप्पांच्या हातावर गोळी ठेवायची आणि पाणी द्यायची. तेव्हा मी आप्पांना कला शिकवली. गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, "हां" म्हणायचं, आणि गोठ्यात जाऊन थुंकायची. त्यांनी मला करून दाखवलं. विरघळत आलेली, लाळेने माखलेली ती गोळी शेणावर पडली आणि आम्ही दोघे शाळकरी पोरांसारखे हसलो. आठ महिने हे चाललं. आठ महिने ती बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची.

मग आमच्या मागच्या आळीतलं जावळ आलं. ऊन मरणाचं होतं. आमची पंगत बसली. आप्पांनी त्या दिवशी पडद्याची चरबी दोनदा मागून घेतली. जेवण झालं, बाकीचे हात धुवायला गेले, आणि आप्पा तिथेच बसून राहिले. घाम फुटलेला. जबडा दुखतोय म्हणाले, हाड चावलं असेल. मग म्हणाले, खांद्यात काहीतरी जड वाटतंय. समोर त्यांचं ताट, त्यात तो रस्सा थिजायला लागलेला, आणि त्यावर माश्या.

मला वाटलं शुगर उतरली. माझ्या खिशात मशीन होतंच. मी ऐटीत त्यांचं बोट टोचलं. एकशे अठरा. जेवणानंतर एकशे अठरा, म्हणजे सोनं. मी ते जमलेल्या माणसांना दाखवलं. घाबरायचं काही नाही, पित्त झालंय, असं जाहीर केलं आणि आप्पांना सोडा पाजला. त्यांनी तो माझ्या पायावर ओकला. आंबूस, तेलकट, अर्धवट चावलेलं, गरम. माझ्या बोटांच्या फटींत शिरलं. मी म्हणालो, बघा, पित्तच. त्यांना सावलीत झोपवलं आणि वारा घालत बसलो. जवळजवळ पाऊण तास मी त्या मशीनवर विश्वास ठेवून वारा घातला.

कुणीतरी सूनबाईला सांगितलं. ती धावत आली, आप्पांच्या कपाळाला हात लावला, आणि मला एक शब्द न विचारता शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. मी पुढे बसलो. पूल, न्हावरा, उसाचे ट्रॅक्टर, कशानेही रस्ता संपेना. मागे ती आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन नवऱ्याला फोन लावत होती, आणि तो शिफ्टवर, फोन कंपनीच्या गेटवरच्या कपाटात.

शिरूरला त्याच डॉक्टर मॅडम होत्या. छातीला पट्ट्या चिकटवल्या, कागद निघाला, आणि त्या भराभर बोलायला लागल्या. हृदयाचा झटका. शुगरवाल्याला छातीत कळ येईलच असं नसतं, घाम आणि जबडा पुरे असतो. पुण्याला हलवायचं, पण आधी इथेच इंजेक्शन. मग त्यांनी सूनबाईकडे वळून विचारलं, चरबीची गोळी रोज चालू आहे ना.

ती म्हणाली, "एक दिवस चुकली न्हाई मॅडम. मी सवताच्या हातानं देते."

आप्पा तोंडावरचा मास्क सरकवून पुटपुटले, "मी थुंकायचो. माझ्या मनानं."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मॅडमच्या कपाळाला आठी पडली आणि ती आठी सूनबाईच्या दिशेने होती. घरात लक्ष नाही कुणाचं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडात कोंबला.

मी दारात उभा होतो. माझ्या पायांना ओकारीचा वास येत होता. मला बोलायचं नव्हतं, हे खरं सांगतो. म्हातारा स्वतःवर घेतोय, घेऊ दे, असं मला वाटलं. पूर्ण एक मिनिट वाटलं. त्या मिनिटाची मला जेवढी किळस आहे तेवढी जगातल्या कुठल्याही चरबीची नाही.

"त्यांच्या मनानं न्हाई," मी म्हणालो. "मी शिकवलं. कसं थुंकायचं ते बी मीच. आन् आज पाऊण तास मीच बसवून ठेवलं."

मॅडमनी फक्त विचारलं, गोळी का सोडली. मी आठ-दहा आकड्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शुगर थोडी वर सरकते, मला माहीत होतं. शुगरच्या गोळीत बदल केला असता. एकदा विचारायचं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

सूनबाईने तोंडातला पदर काढला. "मामा, तुमी आता घरी जावा," ती मला म्हणाली. "आमच्याकडं येऊ नका."

आप्पांना पुण्याला हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या टाकल्या. अकराव्या दिवशी ते घरी आले. मला भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. दूध घालायला सूनबाई यायची, मापाकडे बघायची, माझ्याकडे नाही. मशीन मी कपाटात टाकलं नाही, शुगर तपासतोच, पण घरी. केंद्रावर शुगरवाल्यांना मी सगळं सांगितलं, ओकारीसकट. उरलेल्या सहांपैकी तिघे शिरूरला जाऊन रक्त तपासून आले. बाकीचे म्हणाले, आप्पांचं वय झालं होतं. परवाच्या जावळात त्यांनी वेगळी पंगत लावून घेतली, माझ्याशिवाय. मी घरी उकडलेला दोडका खाल्ला. बुळबुळीत, बेचव, तोंडात शेवाळ धरल्यासारखा. या दोडक्याबद्दल माझं मत बदलेल अशी आशा डॉक्टरनेही ठेवू नये.

सव्वा महिन्याने सूनबाई कॅन ठेवून थांबली.

"तुमची गोळी चालू हाय का?"

मी खिशातून पाकीट काढून दाखवलं. तिने उलटंपालटं करून रिकामी घरं बघितली. "गिळता का थुंकता?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "आप्पा बोलवत्यात."

आप्पा ओट्यावर बसले होते, निम्मे झालेले. गालांची हाडं वर आलेली. मी पायाशी बसलो आणि तोंड उघडलं, माफी मागायचं भाषण मी महिनाभर पाठ केलं होतं. त्यांनी हाताने थांबवलं.

"लेका, तू सांगितलंस म्हणून मी गोळी सोडली न्हाई," ते म्हणाले. "मला सोडायचीच व्हती. तू फकस्त मला पायजे तसं बोललास."

त्यांना वाटलं, माझं ओझं उतरवलं. मी मान खाली घातली. गावात माझं सगळे का ऐकायचे, पंगतीत सगळे का हसायचे, हे मला त्या एका वाक्यात कळलं आणि तोंड कडू झालं. आतून सूनबाई दोन ताटल्या घेऊन आली. दोन्हींत दुधी, तेलाचा टिपूस नाही. आप्पांनी पहिला घास घेतला, चेहरा वाकडा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही तरी गमतीचं बोलावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"वंगाळ झालंय," मी म्हणालो. "खावा तरी."