स्टेपनीखालची माती

मंडळी, सकाळची गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

गणपतीला गावी जायला छोटी एसयूव्ही घ्यायचीय. नवीन मॉडेल काल बघितलं. सनरूफ, मोठा स्क्रीन, सगळं झक्कास. पण सीट इतकी उंच की बाबांचा गुडघाच वर जाईना. म्हणून आज भायखळ्याला, जुन्या गाड्यांच्या डीलरकडे, त्याच गाडीचं आधीचं मॉडेल बघायला गेलो. त्यात बाबा आरामात बसले. मी खूश.

मग सहज स्टेपनी उचलली, तर खाली सुकलेल्या मातीचा थर.

"कोकणात फिरलेली गाडी आहे साहेब. गावची माती ती," डीलर म्हणाला.

बाबांनी चिमूटभर माती बोटांत चोळली आणि मला बाजूला घेतलं. "झिला, आमची माती तांबडी. ही काळी, नाल्याची आसा. गाडी पाण्यात बुडालेली हा."

आम्ही "कळवतो" म्हणून सटकलो. दारातच एक जोडपं तीच गाडी बघायला आलं. त्यांची छोटी मुलगी तर धावत जाऊन मागच्या सीटवर बसलीसुद्धा.

मी हसून वाट दिली. बस्स, एवढंच केलं.

तुम्ही सांगितलं असतंत का? खरं सांगा. लालबागला टॅक्सी थांबली. उतरताना बाबा म्हणाले, "माका वाटला, तू सांगशीत."