दादांची साक्ष

दादा गेले हे मला कळलं ते सकाळी, पेजेची वाटी घेऊन खोलीत गेले तेव्हा. हात लावला तर गार. केळव्याच्या आमच्या घरामागे पानमळा आहे. नितीन, माझा नवरा आणि दादांचा एकुलता एक मुलगा, तिथे वेल बांधत होता. मी कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. त्याने मानही वर केली नाही. "एवढी ओळ बांधून येतो," म्हणाला, आणि खरंच ओळ पुरी करून आला. जमलेल्या बायका त्याला दगड म्हणाल्या. त्यांना मी काय सांगणार होते...

दादा तरुणपणी फौजेत होते. बर्फात डाव्या हाताची दोन बोटं गमावून परतले, मग कायदा शिकले आणि पालघरच्या कोर्टात उभे राहिले. पक्षकाराला ते लगेच हो म्हणत नसत. आज सगळं ऐकायचं, उद्या पुन्हा तेच सांगायला लावायचं, परवा पुन्हा. खरं सांगणारा तिसऱ्यांदा कंटाळतो आणि खोटं सांगणारा रंगत जातो, असं त्यांचं म्हणणं. कंटाळला तरच वकीलपत्र. डोंगरातून जमिनीचे खटले घेऊन आलेली माणसं त्यांना देवमाणूस म्हणायची. देवमाणसाच्या घरी सून होऊन राहावं, म्हणजे कळतं.

नितीन बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर सुपरवायझर होता. त्याच्या पाळीत टाकीचं झाकण उघडताना वाफेने भाजून एक कामगार मेला. विचारल्याशिवाय त्यानेच झाकण उघडलं, असा कागद कारखान्याने केला. त्याची बायको सालवडहून तीन दिवस दादांकडे आली. "वो बिना पूछे पानी भी नहीं पीता था, साहब," एवढंच ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. दादांनी वकीलपत्र घेतलं. त्या कागदावर खाली नितीनची सही होती आणि नितीनला अन्न गोड लागेना. मी त्याच्या मागे लागले, वकील असतील कोर्टात, घरात बाप आहेत, त्यांना सांगून मोकळा हो. या घरात जन्मलेल्या कुणी असा सल्ला दिला नसता. मी पडले बेटेगावची, मला बाप म्हणजे बाप वाटायचा.

जेवताना नितीन म्हणाला, "झाकण उघडायला मीच सांगितलं, दादा. वरून घाई होती."

दादा म्हणाले, "पुन्ना सांग." नितीनने सांगितलं. काही वाट शोधतायत, असं आम्हा दोघांना वाटलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा नितीनचा आवाज अगदी विटून गेला होता. दादांनी ताटात शीतही न ठेवता जेवण संपवलं आणि दुसऱ्या दिवशी वकीलपत्र परत केलं. साक्षीदाराला त्याच खटल्यात वकील राहता येत नाही ना! मग पोटच्या पोराविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहिले. नितीनच्या वकिलाने शेवटी विचारलं, मुलावर तुमचं प्रेम आहे की नाही? दादा म्हणाले, "या प्रश्नाचा खटल्याशी संबंध नाही." सगळं कोर्ट वाहवा करत होतं. मेलेल्याचं नाव धुऊन निघालं, त्याची बायको दादांच्या पाया पडली, आणि ते योग्यच झालं, मी नाही म्हणत नाही. घाई करणारे साहेब खुर्चीत राहिले. नितीन तुरुंगात जाऊन आला. मग त्याला कोणी कामावर घेईना, तो पानमळ्यात शिरला तो तिथलाच झाला. बापलेक एका छपराखाली राहिले आणि मी दोन खोल्यांत दोन ताटं वाढत राहिले. ते जाईपर्यंत मला दादांचा राग होता. आजही आहे.

जाण्याच्या आठवडाभर आधी, दुपारी मी त्यांची नखं काढत होते. आपणहून बोलू लागले. बर्फातल्या चौकीवर त्यांनी सोबतच्या शिपायाला दोराशिवाय बाहेर पाठवलं होतं. वरून घाई होती. तो परत आलाच नाही. स्वतःच्या मर्जीने गेला, अशा कागदावर दादांनी सही केली आणि तोच कागद त्याच्या आईला गेला. "मेलेला माणूस उत्तर देत नाय," ते म्हणाले.

मी नेलकटर खाली ठेवला. "पुन्ना सांगा, दादा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. मी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. ते थकले होते, शब्द तुटत होते... मी सोडलं नाही. मग विचारलं, "हे नितीनला का नाय सांगितलं?"

"मला कोनी विचारलं नाय."

थोड्या वेळाने म्हणाले, त्याला सांगू नको. मी हो म्हटलं.

तो शब्द मी आज मोडते आहे, आणि उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाला दिलेला मोडते आहे, हे मला कळतं. तोंडाने सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दादांचं नाव काढलं की नितीन उठून मळ्यात जातो. पण जेवताना कुणाशी बोलायला नको म्हणून तो ताटाशेजारी रविवारची पुरवणी उघडून ठेवतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. म्हणून हे मी त्या पुरवणीलाच लिहून पाठवलं. आज मी त्याला वाढलं आहे आणि समोर बसले आहे. नितीन, भात गार होऊ दे.