कोपऱ्यातला पांढरा उंदीर

मखमलाबादच्या मळ्यात आम्ही शेवंती करायचो. पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावात मान होता तो बैल पारखण्यासाठी. कुणाला बैल घ्यायचा असला की अण्णांना सोबत नेल्याशिवाय तो बाजाराला जात नसे. अण्णा बैलाच्या डोळ्यांपुढे झपकन हात फिरवायचे. बुजला नाही, तर तो गरीब, कुणाच्या अंगावर न जाणारा, खुशाल दावणीला बांधावा.

सातवीत माझा पहिला नंबर आला आणि मी पांढऱ्या उंदराचा हट्ट धरला. आईने कपाळाला हात लावला. घरातले उंदीर पकडता पकडता जीव मेटाकुटीला आलाय, आणि ही विकत आणायला निघाली! पण अण्णांनी शब्द दिला होता.

गंगापूर रोडवर शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथे पिंजऱ्यात सात-आठ उंदीर होते. एक गजांवर चढून माझं बोट हुंगत होता, डोळे कसे लकलकीत. मला तोच हवा होता. अण्णांनी मला बाजूला सारलं आणि पिंजऱ्यापुढे हात फिरवला. सगळे सैरावैरा पळाले. कोपऱ्यातला एक मात्र केस पिंजारून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. तो जागचा हलला नाही.

"ह्यो घे. लय गरीब हाय."

"काका, तो चपळ आहे तो घ्या ना," दुकानदार म्हणाला. अण्णा नुसते हसले. त्यांना हा काय शिकवणार!

तिसऱ्या दिवशी उंदीर मेला. तो गरीब नव्हता, आजारी होता. मी पाय आपटत ओरडले, "तुम्हाला जनावरातलं काही कळत नाही!" एरवी थोबाडीत बसली असती. अण्णांनी फावडं घेतलं आणि वाफ्याच्या कडेला खड्डा केला.

"चुकलंच माजं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी एकदाच ऐकलं.

पुढे माझं लग्न झालं, काही वर्षांनी आई गेली आणि अण्णा माझ्याकडे राहायला आले. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस, वर्षभरात अगदी गप्प झाला. गॅलरीच्या कोपऱ्यात खुर्ची, भर वैशाखात अंगावर शाल, ताटात अर्धी भाकरी तशीच. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "अण्णा आता किती गरीब झालेत, काही म्हणजे काही त्रास नाही." मला ते सोयीचंच होतं, आज कबूल करते.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, "इतके महिने तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अण्णा, चुकलंच माझं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी कानाशी वाकून पुन्हा म्हणाले. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कधीच कळलं नाही.